प्रस्तावना : गावदेव, ख्रिस्त आणि ठरवण्याचा अधिकार

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ख्रिस्ती झालेले आदिवासी संख्येने थोडे आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या-पाड्यांवर प्रार्थनेला जमणारी घरे मोजकीच असतात. मात्र या थोड्या माणसांना जो प्रश्न विचारला जातो तो लहान नाही. गावातला शेजारी विचारतो, गावदेव सोडलास, मग तू ठाकूर कसला? बाहेरून आलेला प्रचारक विचारतो, ख्रिस्ताला मानतोस, मग भगताच्या अंगणात अजून पाय कसा ठेवतोस? एक जण श्रद्धेवरून जमात काढून घेतो, दुसरा जमातीवरून श्रद्धेवर संशय घेतो. दोघांचा समज मात्र एकच आहे : आदिवासीपण आणि ख्रिस्ती श्रद्धा एका माणसात एकत्र नांदू शकत नाहीत. हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा जगाच्या इतिहासात तसाच मराठी मुलखातही आहे, असे मला सांगायचे आहे. श्रद्धा बदलली म्हणून ओळख पुसली जात नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती गेला की ती पुसली जाते. पुढच्या पानांकडे वळण्याआधी वाचकाने या एका विधानाची कसोटी घ्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे विचारला गेला तो आफ्रिकेत, आणि त्याचा एक मोठा अध्याय आपल्या नाशिकमध्ये घडला आहे. मुंबईहून नाशिककडे जाणारा आग्रा रस्ता आणि त्याच्याशेजारचा लोहमार्ग वासिंद, आटगाव, कसारा करत शहापूर तालुका ओलांडतो आणि थळ घाट चढतो. त्या घाटापलीकडे, नाशिकजवळ, चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शरणपूर नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. इंग्रजी आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथल्या आश्रमात ठेवली जात. याओ, मकुआ अशा वेगवेगळ्या जमातींची ही मुले आईबापांपासून, गावापासून, बोलीपासून तुटलेली होती. त्यांना बाप्तिस्मा मिळाला, इंग्रजी नावे मिळाली, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे मिळाले. १८६५ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला येऊन गेला आणि त्यानंतरच्या मोहिमेत शरणपूरची नऊ मुले त्याच्याबरोबर आफ्रिकेत गेली. पुढे आणखी काही गेली. त्यांपैकी जेकब वेनराइट याने १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याच्या दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर त्याचे नाव कोरले, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो एकटाच आफ्रिकी होता. त्याच सुमारास शरणपूरचा जुना प्रमुख विल्यम प्राइस याने मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत वसवली. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नावावरून तिला फ्रियरटाउन म्हणतात. तिथे शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून गेलेल्या नाशिककरांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एकच नाव मिळाले, 'मुंबईचे आफ्रिकी'.

या माणसांची कोंडी नीट समजून घेतली पाहिजे. मोंबासाच्या किनाऱ्यावरच्या लोकांना ते परके वाटत, कारण त्यांचे कपडे, नावे आणि बोलणे परके होते. गोऱ्या मिशनऱ्यांना ते पुरेसे नम्र वाटत नसत. पगार, मान आणि अधिकार यांवरून खटके उडाले. तरीही विल्यम जोन्ससारखा माणूस त्यांतूनच घडला. तो जन्माने याओ, शिक्षणाने नाशिककर. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन आजच्या युगांडातल्या बुसोगात मारला गेल्यावर उरलेल्या काफिल्याला सुखरूप किनाऱ्यावर आणले ते याच जोन्सने. या साऱ्यातून निघणारा अर्थ असा की या मुलांचे आफ्रिकीपण ख्रिस्ताने काढून घेतले नव्हते. ते आधी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी काढून घेतले, आणि मग सद्हेतूने का होईना, पण मुलांना न विचारता त्यांची नावे आणि आयुष्ये ठरवणाऱ्या आश्रमाने ती तूट कायम केली. श्रद्धा मात्र त्यांनी स्वतःची करून घेतली. गोऱ्या वरिष्ठांशी भांडण्याचे बळ त्यांना याच श्रद्धेने दिले असे मला वाटते, कारण देवापुढे सारी माणसे सारखी आहेत हे त्यांना शिकवले गेले होते आणि त्यांनी ते खरे मानले.

आफ्रिकेत पुढे जे घडले त्याने हा मुद्दा आणखी पक्का होतो. १९२१ मध्ये बेल्जियन काँगोत सायमन किंबांगू याने आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना सुरू केली, लोक हजारोंनी त्याच्याकडे लोटले, आणि वसाहतीच्या सरकारने त्याला पकडून १९५१ मध्ये मरेपर्यंत तुरुंगात ठेवले. त्याचा पंथ मेला नाही. केनियाचे जॉन म्बिती यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की आफ्रिकी माणूस मिशनरी येण्याआधीही देवाला ओळखत होता. घानाचे क्वामे बेदियाको यांनी तर दुसऱ्या शतकातल्या ग्रीक-रोमन ख्रिस्ती विचारवंतांच्या शेजारी आपल्या काळातल्या आफ्रिकी विचारवंतांना बसवले आणि सांगितले की आपल्या पूर्वजांचे काय करायचे हा प्रश्न दोघांपुढे सारखाच होता. १९८८ मध्ये रोमने झाईरमधल्या उपासनेच्या पद्धतीला मान्यता दिली. तिच्यात पूर्वजांचे स्मरण होते, नाच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत ख्रिस्ती लोक एक कोटीच्या आसपास होते, आज ते कित्येक कोटी आहेत, आणि ही वाढ मुख्यतः गोरे राज्यकर्ते निघून गेल्यानंतरची आहे. ख्रिस्ती धर्म हे निव्वळ साम्राज्याचे शेपूट असते, तर साम्राज्याबरोबर ते गळून पडले असते. आणि हे सारे ख्रिस्ती परंपरेला सोडून झालेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमची जी सभा आहे, तिच्यापुढे हाच प्रश्न होता : ख्रिस्ताला मानण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागेल का? सभेने नाही म्हटले. पुढच्या प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी हे उत्तर विसरले आहे.

मराठी मुलखात ते विसरल्याचे आणि आठवल्याचे, दोन्ही दाखले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ नवख्रिस्ती लोकांच्या मागणीतून आला. जुनी पुराणे सुटल्यावर ऐकायला काय उरले, हा त्यांचा प्रश्न होता, आणि स्टीफन्सनी त्यांना त्यांच्याच ओवीत उत्तर दिले. त्याच गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्यांना धोतर-चोळी, तुळस, लग्नातली पारंपरिक गाणी यांपासून तोडायचा प्रयत्न केला. एका बाजूला लोकांची गरज ऐकणारा पाद्री, दुसऱ्या बाजूला लोकांच्या अंगणात शिरून हुकूम सोडणारी सत्ता. दोघेही एकाच धर्माचे होते, म्हणून दोष धर्माला चिकटवणे सोपे असले तरी खरे नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच आपल्या ज्येष्ठ धर्मभगिनींशी वाद सुरू केला. लॅटिन अक्षरांचा क्रूस गळ्यात घालायला त्यांनी नकार दिला. अक्षरे हवीत तर संस्कृत असू देत, असे त्यांनी कळवले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चर्चमधल्या अधिकाऱ्याचे म्हणणे म्हणजे देवाचे म्हणणे, हे त्यांनी कधीच मान्य केले नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अभंगांतून ख्रिस्त गायला, आणि १९१७ मध्ये मिशनचा आश्रय सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. रमाबाई आणि टिळक यांची श्रद्धा पुरती ख्रिस्ती आणि पुरती मराठी होती, आणि त्याचे कारण एकच : श्रद्धा देणाऱ्यालाही ते नाही म्हणू शकत होते.

येथे एक रास्त आक्षेप येतो. रमाबाई आणि टिळक विद्वान ब्राह्मण घरांतले होते. त्यांच्यापाशी भाषा होती, ग्रंथ होते, वाद घालण्याची पिढ्यांची सवय होती. मुरबाडच्या डोंगराखालच्या कातकऱ्यापाशी यांतले काय आहे? आक्षेप खरा आहे, आणि माझ्या विधानाला तो खोडून न काढता अधिक टोकदार करतो. कातकऱ्यांना केंद्र सरकारने विशेष दुर्बल आदिम जमातींत धरले आहे. इंग्रजांनी त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता. कात पाडण्याचा जुना धंदा जंगल सरकारजमा झाल्यावर बुडाला. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, कारण पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायचा असतो. कित्येक कातकरवाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत, घराखालची माती नावावर नाही. असा माणूस भट्टीमालकाला नाही म्हणू शकत नाही, सावकाराला नाही म्हणू शकत नाही, मतासाठी आलेल्याला नाही म्हणू शकत नाही. मग प्रचारकाला तो नाही म्हणू शकेल का, आणि त्याच्या उलट बाजूने 'घरवापसी' करून घ्यायला आलेल्यालाही? ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराचे वजन ठरवणे कठीण असते. कातकऱ्याच्या आदिवासीपणाची काळजी करणाऱ्याने म्हणूनच आधी त्याच्या घराखालच्या जमिनीची, वनहक्काच्या दाव्याची, बयाण्याची काळजी करावी. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावेदाराचा धर्म विचारलेला नाही.

आमिषाचा आरोप याच ठिकाणी तपासून पाहावा लागतो. औषध, शाळा, धान्य देऊन माणसे फिरवली जातात असे म्हणतात. अशी लालूच जिथे असेल तिथे ती निंद्यच आहे, आणि ख्रिस्ती माणसाने ती सर्वांआधी निंदावी, कारण भाकरीसाठी मागे लागलेल्या गर्दीला येशूनेच योहानाच्या सहाव्या अध्यायात फटकारले आहे. पण आजारी मुलासाठी कुणी रात्रभर प्रार्थना केली, दारू सोडायला कुणी हात धरला, म्हणून एखाद्या बाईचा विश्वास बसला, तर त्याला आमिष म्हणणे म्हणजे त्या बाईला स्वतःचे भले कळत नाही असे म्हणणे. हाच अपमान आदिवासींनी वनखात्याकडून, सावकारांकडून, कारकुनांकडून शतकभर सोसला आहे. शिवाय तिच्या पाड्यावर आरोग्य उपकेंद्र नीट चालत असते तर बरे होण्याची वाट प्रार्थनेकडेच गेली नसती, हेही टीकाकाराने लक्षात घ्यावे. भगताकडे जाण्याचे कारणही तेच आहे.

आदिवासीपण मुळात स्थिर होते आणि ख्रिस्ती धर्माने ते प्रथमच हलवले, हे तर इथल्या इतिहासाला धरून नाही. ठाकूर समाजात माळकरी झाले आहेत. त्यांनी तुळशीची माळ घातली, मटण आणि दारू सोडली, बोकडाचा मान बंद केला, पंढरीची वाट धरली. त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही अजून ठाकूर आहात का. घरोघर गणपती बसू लागला, तेव्हाही विचारले नाही. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्या वर्षी गोदावरी व शामराव परुळेकरांनी उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांना लाल बावट्याखाली उभे केले. वेठ आणि लग्नाच्या कर्जापोटीची लग्नगडीची गुलामी मोडली. या बावट्याने देवांवरचा, भगतावरचा, जमीनदाराच्या शापावरचा विश्वास कमी केला नसेल असे कोण म्हणेल? पण लाल बावट्याचा वारली वारलीच राहिला, किंबहुना मान वर करून वारली झाला. तुळशीची माळ, लाल बावटा आणि क्रूस यांना एकच माप लावायचे, की क्रूसासाठी वेगळे माप ठेवायचे? वेगळे ठेवायचे असेल तर त्याचे कारण आदिवासी संस्कृती हे नाही, दुसरे काही आहे, आणि ते उघड मांडावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या त्याच वर्षीच्या आदेशात ती नाही. जमात ठरते ती वंश, प्रदेश आणि रूढी यांवरून, असा त्यामागचा विचार. खासदार कार्तिक ओरांव यांनी १९६७ च्या दुरुस्ती विधेयकाच्या वेळी ख्रिस्ती आदिवासींना यादीतून वगळण्याची मागणी लावून धरली, पण तिचा कायदा झाला नाही. 'डीलिस्टिंग'च्या नावाने तीच मागणी आज पुन्हा महाराष्ट्रात मोर्च्यांतून येते. २००४ मध्ये केरळ सरकार विरुद्ध चंद्रमोहनन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्म बदलला म्हणून जमात आपोआप सुटत नाही. त्या माणसाने जमातीच्या चालीरीती पाळणे सोडले आहे का, हे पुराव्याने पाहावे लागेल. या निकालात ख्रिस्ती आदिवासीला संरक्षण आहे, तशी जबाबदारीही आहे. वाघे, हिलम, मुकणे ही आडनावे टिकवणे पुरेसे नाही. सोयरीक, मयतीला खांदा, पंचांपुढे बसणे, एकमेकांच्या शेतावर राबणे, हे टिकले पाहिजे. जो उपदेश हे तोडायला सांगतो तो आपल्याच माणसांच्या हक्कावर कुऱ्हाड घालतो.

सर्वांत अवघड जागा मात्र गावदेव ही आहे, आणि तिला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. आदिवासी श्रद्धा पाड्याची असते, एकट्याची नव्हे. पेरणीआधी गावदेवाला मान द्यायचा, पहिल्या पावसाची रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, वाघबारशीला वाघदेवाला पुजायचे, आणि या साऱ्यासाठी घरटी वर्गणी काढायची. एका घराने वर्गणी नाकारली तर गावाला वाटते की याने पाऊस, पीक, रोगराई यांबाबतचा आमचा सामायिक करार मोडला. हा राग खोटा नाही आणि त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. उलट बाजूला ख्रिस्ती झालेल्या माणसाची अडचणही खोटी नाही. एकाच देवाला नमन करायचे त्याने ठरवले आहे, आणि बोकडाच्या बळीपुढे हात जोडले तर त्याचा शब्द खोटा पडतो. या पेचाला कायद्याचीही एक बाजू आहे : अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा, १९९६ चा. शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि तिथे रूढी-परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार त्या कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. तो अधिकार अल्पसंख्य घरांना बहिष्कृत करण्यासाठी वापरायचा की त्यांच्यासह गाव चालवण्यासाठी, हे ग्रामसभेलाच ठरवायचे आहे. पाणी बंद करणे, मयतीला जागा नाकारणे ही कोणत्याही जमातीची रूढी नाही. धर्मस्वातंत्र्य देणारे संविधानाचे कलम २५ तर त्याच्या आड येतेच.

या अडचणीतून वाट काढलेली माणसे इथून फार लांब नाहीत. वसई, साष्टी, मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीज काळापासून शेतीची नाळ तोडली नाही. ऑक्टोबरात 'आगेरा' येतो, तेव्हा भाताची पहिली कणसे वाजतगाजत देवळात नेऊन आशीर्वादली जातात. लग्नात 'उंबराचं पाणी' अजून आणतात. नव्या पिकाचा पहिला घास देवाचा, ही आदिवासींची जाण आणि बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातली प्रथमफळांची आज्ञा यांत मला विरोध दिसत नाही. पण आगेऱ्याची नक्कल शहापुरात बसवणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याने ठरवलेले उचलणे. ठाकूर आणि कातकरी ख्रिस्ती आपल्या रानभाजीचे, आपल्या कामडी नाचाचे, आपल्या बोलीतल्या प्रार्थनेचे काय करतील, ते त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना विचारून ठरवावे, आणि त्यांत जे ठरेल ते बाहेरच्या पाळकाने मुकाट्याने ऐकावे.

वर्गणीच्या प्रश्नावर पौलाने करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र थेट बोलते, आणि ते पाड्यावर फारसे वाचले जात नाही याचे मला वाईट वाटते. करिंथातही शेजारी देवळात बळी देत होते, त्या मटणाच्या पंगतीला जायचे की नाही यावर ख्रिस्ती घरांत भांडण होते. पौलाने अन्नाला विटाळ मानला नाही, शेजाऱ्याच्या आमंत्रणाला जायला मनाई केली नाही, पण वेदीपुढच्या सहभागाला नाही म्हटले, आणि दुबळ्या मनाच्या भावाची काळजी सर्वांवर ठेवली. या धोरणाने शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर काय करता येईल ते उघड आहे. गावाच्या कामाची वर्गणी द्यावी, बळीची वेगळी ठेवण्याची मुभा मागावी. मांडव घालायला, लाकूड-पाणी आणायला, पाहुण्यांना वाढायला सर्वांत पुढे असावे. नमनाच्या वेळी बाजूला उभे राहावे आणि भगताचा अपमान करणारा एक शब्दही बोलू नये. गावानेही त्या बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्यातला मानावे, जसे माळकऱ्याला बोकड कापताना बाजूला उभे राहू दिले जाते. हा तोडगा सर्वांना पटेल असे नाही. कडवे प्रचारक त्याला तडजोड म्हणतील, कडवे विरोधक त्याला पळवाट. पण तो पाड्यावरच्याच माणसांनी एकमेकांसमोर बसून करायचा आहे, आणि पुढच्या पानांतला प्रत्येक युक्तिवाद या बैठकीला उपयोगी पडतो की नाही, एवढ्याच निकषावर वाचकाने तपासावा.